क्रॅब पल्सारचं वय १२७५ वर्षं कसं येतं? स्फोट तर १०५४ चा आहे

मृगशीर्ष

वृषभेतल्या क्रॅब तेजोमेघाच्या मधल्या पल्सारचे (ठरावीक लयीत स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा) सध्याचे आकडे घेतले. पीरियड, म्हणजे एका गिरकीचा वेळ, ३३.८ मिलीसेकंद. तो दर सेकंदाला ०.४२ पिकोसेकंदाने लांबतोय, हा पीडॉट. पाठ्यपुस्तकातलं सूत्र वय = पीरियड ÷ (२ × पीडॉट). उत्तर येतं सुमारे १२७५ वर्षं.

चिनी दरबारातल्या ज्योतिषांनी ‘पाहुणा तारा’ पाहिल्याची नोंद ४ जुलै १०५४ ची आहे. दिवसाउजेडी तो २३ दिवस दिसला, रात्री जवळजवळ दोन वर्षं. म्हणजे आज वय ९७० च्या आसपास हवं. तीनशे वर्षं कुठून आली? एककं तपासून झाली, तिथे चूक नाही. ब्रेकिंग इंडेक्स (फिरण्याच्या वेगानुसार मंदावण्याचा दर कोणत्या घाताने बदलतो तो आकडा) ३ नसून २.५ आहे, त्यामुळे हे होतं असं एका व्याख्यानाच्या टिपणात लिहिलंय. ते बरोबर आहे का?

जोडून दुसरा प्रश्न. याच पल्सारचा १० मिनिटांचा रेडिओ डेटा आहे: ५५० ते ७५० मेगाहर्ट्झ, २०४८ चॅनेल, ८१.९२ मायक्रोसेकंद सॅम्पलिंग, ८ बिट. कॅटलॉगमधला पीरियड घालून फोल्ड केला (पीरियडएवढे तुकडे कापून एकावर एक रचून बेरीज केली) तर प्रोफाइल, म्हणजे स्पंदाचा सरासरी आकार, सपाट, नुसता गोंगाट. इतका ठळक पल्सार दिसू नये म्हणजे काय?

---

अगस्त्य_दक्षिण

टिपणातलं कारण चुकीचं आहे. नुसतं अपुरं नाही, उलट्या दिशेचं आहे. करून बघा.

पूर्ण सूत्र असं: वय = [पीरियड ÷ ((एन − १) × पीडॉट)] × [१ − (जन्माचा पीरियड ÷ आजचा पीरियड) चा (एन − १) वा घात]. यात एन म्हणजे ब्रेकिंग इंडेक्स. तुम्ही वापरलेलं छोटं सूत्र दोन गोष्टी गृहीत धरतं. एक, एन बरोबर ३, म्हणजे निर्वात जागेत फिरणाऱ्या लोहचुंबकासारखी ऊर्जा जाते. दोन, जन्माच्या वेळी तारा आजच्यापेक्षा इतका भयंकर वेगात फिरत होता की दुसरा कंस १ धरला तरी चालेल.

आता एन २.५ करा आणि दुसरं गृहीतक तसंच ठेवा. भाजक २ चा १.५ होतो आणि वय १७०० वर्षं येतं. तफावत कमी होण्याऐवजी वाढली! म्हणजे दोषी जन्माचा पीरियड आहे, इंडेक्स नव्हे.

तेव्हा उलटं जा. वय ९७१ वर्षं इतिहासाने दिलंच आहे, ते घाला आणि जन्माचा पीरियड काढा. ९७१ ÷ १७०० = ०.५७. कंसातली घातवाली संख्या ०.४३. तिचा दोन-तृतीयांश घात ०.५७. गुणिले ३३.८, म्हणजे सुमारे १९ मिलीसेकंद. एन ३ धरलात तर १६.५ येतात. क्रॅब जन्मला तेव्हा सेकंदाला पन्नास-साठ गिरक्या घेत होता, आज साडेएकोणतीस घेतो. वेग निम्म्यावर आला आहे एवढंच, त्यामुळे ‘जन्माचा पीरियड नगण्य’ हे गृहीतक इथे साफ कोसळतं.

१९ मिलीसेकंद हा आकडा कुठून आला असेल याचाही अंदाज बांधता येतो. सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंडाचा गाभा जमतो, साधारण १.४ सूर्यांचा. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही, आणि गाभा चंद्रशेखर मर्यादेपलीकडे गेला की इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला पेलत नाही. पृथ्वीच्या मापाचा हा गोळा सेकंदाच्या आत ढासळतो, इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत शिरून न्यूट्रॉन होतात, आणि शेवटी सुमारे १२ किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन तारा उरतो. सुटलेल्या ऊर्जेपैकी ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. बाहेरची आवरणं भिरकावून देणारी, ज्यातून अवशेष तयार होतो ती गतिज ऊर्जा उरलेल्या एका टक्क्यातली. आपल्याला दिसणारा लखलखाट त्याच्याही शंभराव्या हिश्शाएवढा.

त्रिज्या ३००० किलोमीटरवरून १२ वर आली, म्हणजे २५० पट घटली. कोनीय संवेग टिकतो, म्हणून पीरियड २५० चा वर्ग, ६२,५०० पटीने घटतो. गाभा आधी अर्ध्या तासात एक गिरकी घेत असेल तर नंतर २९ मिलीसेकंदांत घेईल. पण हे ढोबळ आहे. ढासळण्याआधी गाभा किती वेगाने फिरत होता हे ताऱ्यागणिक वेगळं असतं, म्हणून जन्माच्या पीरियडचा एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही.

आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने यावर एक नमुनेदार उदाहरण दिलं आहे. जी२१.५−०.९ हा स्फोटाचा अवशेष क्रॅबच्या जातीचा. मधोमध तेज भरलेलं, तेव्हा आत पल्सार असणार हे सगळे म्हणत होते, पण स्पंद मिळत नव्हते. २००५ मध्ये जीएमआरटीच्या निरीक्षणांतून तो सापडला: पीएसआर जे१८३३−१०३४, पीरियड ६१.९ मिलीसेकंद, पीडॉट ०.२०२ पिकोसेकंद प्रतिसेकंद. छोट्या सूत्राने वय ४८५० वर्षं. आणि अवशेषाच्या पसरण्यावरून? १५ वर्षांच्या अंतराने घेतलेल्या रेडिओ प्रतिमांत तो वर्षाला ०.११ टक्के फुगताना दिसला. त्यावरून वय सुमारे ८७०. पाचपटीहून जास्त फरक! ८७० खरं धरलं तर जन्माचा पीरियड ५६ मिलीसेकंद निघतो. गंमत म्हणजे इथे एन ३ धरा नाहीतर मोजलेला १.८६ धरा, उत्तर ५६ च राहतं. हा तारा जन्मतःच संथ होता आणि तेव्हापासून फारसा मंदावलेलाच नाही.

जी११.२−०.३ या अवशेषातल्या ६५ मिलीसेकंदवाल्या पल्सारची गोष्ट तर टोकाची. सूत्राचं वय सुमारे २३,००० वर्षं, अवशेष दोनेक हजारांचा.

तेव्हा पीरियड ÷ (२ × पीडॉट) ला वय म्हणूच नये, ‘लाक्षणिक वय’ म्हणावं. बहुतेक वेळा ते कमाल मर्यादेसारखं वापरता येतं, पण एन ३ पेक्षा बराच कमी असेल तर तेही नाही.

---

घडीवाला

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सपाट प्रोफाइलची कारणं इथे एक नाही, चार असू शकतात. ज्या क्रमाने तपासायची त्याच क्रमाने लिहितो.

पहिला संशय पीरियडवर. १० मिनिटांत क्रॅब सुमारे १७,७५० गिरक्या घेतो. पहिल्या आणि शेवटच्या गिरकीत एक-विसांश फेजपेक्षा (गिरकीच्या विसाव्या भागापेक्षा) जास्त घसरण नको असेल, तर पीरियडमधली चूक ९५ नॅनोसेकंदांच्या आत हवी. आता तुलना करा. क्रॅब दिवसाला ३६ नॅनोसेकंदांनी मंदावतो, म्हणजे पीडॉट न लावता तीन दिवस जुना पीरियड वापरला तरी मर्यादा ओलांडली. कॅटलॉगमधले क्रॅबचे आकडे १९९१ च्या इपॉकचे (त्या तारखेला बेतलेले) असतात! तिथला ३३.३९ आणि आजचा ३३.८ यांत जवळजवळ अर्ध्या मिलीसेकंदाचं अंतर आहे. पीडॉट लावून पुढे ओढलात तरी मधले ग्लिच, म्हणजे अचानक वेग वाढण्याचे झटके, त्यात येत नाहीत. जोड्रेल बँक वेधशाळा क्रॅबची एफेमेरिस (ताज्या पीरियड-पीडॉटचं कोष्टक) दर महिन्याला प्रसिद्ध करते. निरीक्षणाच्या महिन्याची ओळ घ्या, कॅटलॉग विसरा.

याच पोटात बॅरिसेंटर येतं. एफेमेरिसमधला पीरियड सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी बेतलेला असतो, तुमची डिश मात्र पृथ्वीवर. क्रॅब क्रांतिवृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, त्यामुळे पृथ्वीचा सेकंदाला ३० किलोमीटरचा वेग जवळपास पूर्ण लागू होतो. सप्टेंबरच्या मध्यावर आपण त्याच्याकडे धावत असतो, मार्चच्या मध्यावर दूर. परिणाम ३.४ मायक्रोसेकंद, मर्यादेच्या पस्तीसपट. प्रेस्टो या पल्सार-सॉफ्टवेअरमध्ये प्रेपफोल्ड या फोल्ड करणाऱ्या प्रोग्रामला पार फाइल (पल्सारच्या आकड्यांची फाइल) दिली की ते हे स्वतः करतं, पण त्यासाठी फिल्टरबँक फाइलच्या हेडरमध्ये दुर्बिणीचा कोड आणि स्रोताचे सहनिर्देशक बरोबर असावे लागतात. रॉ डेटा बदलून घेताना हेच दोन रकाने सर्रास शून्य राहतात, आणि प्रोग्राम तक्रार करत नाही. आधी हेडर वाचा.

दुसरा संशय डिस्पर्शनवर: वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे खालच्या वारंवारता उशिरा पोहोचतात. वाटेत किती इलेक्ट्रॉन आहेत त्याचं माप म्हणजे डीएम. क्रॅबचा डीएम ५६.८. उशीर मिलीसेकंदांत = ४.१५ × डीएम × (१ ÷ खालच्या वारंवारतेचा वर्ग − १ ÷ वरच्या वारंवारतेचा वर्ग), वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये. तुमच्या पट्ट्यात ५५० ला पोहोचणारा स्पंद ७५० वाल्यापेक्षा ३६० मिलीसेकंद मागे राहतो. साडेदहा गिरक्या! डीएम दिला नसेल तर चॅनेल बेरजेत स्पंद पूर्ण पुसला जातो. चॅनेलांचा क्रम उलटा लागला असेल तरी तेच, आणि ही चूक फार कॉमन आहे. काही फाइलींत पहिला चॅनेल वरच्या वारंवारतेचा असतो, काहींत खालच्या. चॅनेलची रुंदी ऋण हवी तिथे धन लिहिली गेली की डिस्पर्शन वाढतं, कमी होत नाही. क्रम उलटवून पुन्हा फोल्ड करून बघायला दोन मिनिटं लागतात.

चॅनेलच्या आत उरणारी धूसरता काढता येत नाही, पण ती माहीत हवी. ९८ किलोहर्ट्झचा चॅनेल ५५० ला सुमारे २७७ मायक्रोसेकंद पुसतो, ७५० ला ११० च्या जवळपास. तुमचं सॅम्पलिंग त्याहून बारीक आहे, तेव्हा प्रोफाइलला २५६ बिन (कप्पे) पुरे. १०२४ बिन मागितलेत तर फक्त गोंगाट बारीक चिरला जाईल.

तिसरा संशय बीमवर, म्हणजे दुर्बीण आकाशाचा केवढा तुकडा बघते त्यावर, आणि हा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इतर पल्सारला आकाश काळं असतं. क्रॅबला मागे स्वतःचा तेजोमेघ आहे, या वारंवारतेला सुमारे १००० जान्स्कीचा (जान्स्की हे रेडिओ प्रवाहाचं एकक). पल्सारचा सरासरी प्रवाह जान्स्कीच्या अंशात. डेटा जीएमआरटीच्या इनकोहेरंट बीमचा (आयए, डिशच्या नुसत्या ताकदीची बेरीज) असेल तर प्रत्येक ४५ मीटर डिश सगळा तेजोमेघ गिळते आणि यंत्राच्या गोंगाटापेक्षा तेजोमेघाचाच गोंगाट वरचढ होतो. फेज्ड अरे (पीए, डिशचे सिग्नल तालात जुळवून केलेली बेरीज) घेतला, अगदी मध्यवर्ती चौकातल्या एका किलोमीटरच्या पसाऱ्याचा, तरी बीम दीड-पावणेदोन कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) होतो. तेजोमेघ सहा-सात कला लांब, म्हणजे बराचसा बाहेर राहतो. हेडरमध्ये किंवा निरीक्षणाच्या लॉगमध्ये आयए लिहिलंय की पीए ते बघा. आयए असेल तर प्रोफाइल पुसट येणारच.

चौथं, विजेची लाईन. ५० हर्ट्झ म्हणजे २० मिलीसेकंद, आणि त्याच्या पटी. साडेएकोणतीस हर्ट्झशी ती थेट भिडत नाही, पण शोध लावून पीरियड काढायला गेलात तर यादीत वर तीच बसलेली असते. प्रेस्टोतल्या आरएफआयफाइंडने असा बाहेरचा गोंगाट झाकणारा मास्क करून घ्या.

हे सगळं करूनही नाही दिसला, तर फोल्ड करूच नका. डीएम ५६.८ ला डीडिस्पर्स करून (तो उशीर काढून टाकून) सिंगल पल्स, म्हणजे सुटे स्पंद, शोधा. क्रॅब मधूनच राक्षसी स्पंद टाकतो, सरासरीच्या शेकडो-हजारोपट ताकदीचे. १९६८ मध्ये ग्रीन बँक वेधशाळेत तो सापडला तोही असाच, सुट्या स्पंदांवरून. नेमका पीरियड नंतर अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने काढला. १० मिनिटांच्या डेटात असे काही मिळायला हवेत, आणि ते मिळाले की निदान डीएम आणि चॅनेलांचा क्रम बरोबर आहे हे पक्कं होतं. मग दोष पीरियडमध्येच शोधायचा.

---

मृगशीर्ष

हेडरमध्ये सहनिर्देशक दोन्ही शून्य निघाले, आणि चॅनेल-रुंदी धन आहे, पहिला चॅनेल ७५० चा असूनही. बीम पीए आहे. दुरुस्त करून, महिन्याची एफेमेरिस लावून पुन्हा चालवतो.

पण वयाचा प्रश्न अर्धा राहिला. जी२१.५ चं वय पसरण्यावरून काढलं, तसं क्रॅबचं काढलं तर ९७० च येतं का?

---

धुरकट_कडा

नाही येत. आणि इथेच क्रॅबची खरी मजा आहे.

तेजोमेघातले तंतू बाहेर सरकताना फोटोंत मोजता येतात. प्रत्येक तंतूचं केंद्रापासूनचं अंतर भागिले त्याचा वार्षिक सरक, की स्फोटाचं साल मिळायला हवं. विसाव्या शतकात हे पुन्हा पुन्हा मोजलं गेलं आणि उत्तर ११३०-४० च्या आसपास येत राहिलं. १०५४ नव्हे. म्हणजे या घड्याळाने वय ८९० च्या जवळपास, पल्सारच्या घड्याळाने १२७५, आणि खरं ९७०. एक मागे, एक पुढे.

तंतूंचं वय कमी येतं, याचा अर्थ आजचा वेग गेल्या हजार वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. स्फोटाने फेकलेला माल नंतर वेग घेतोय! ढकलणारा कोण, तर तोच मंदावणारा पल्सार. त्याची फिरण्याची ऊर्जा सूर्याच्या एकूण तेजाच्या लाखपटीहून अधिक दराने बाहेर पडते. रेडिओ स्पंदांत त्यातला क्षुल्लक भाग जातो. बाकी सगळी चुंबकीय क्षेत्र आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या वाऱ्यात. हा वारा आतून फुगा फुगवतो, तंतूंना रेटतो, आणि तेजोमेघाचा निळसर सिंक्रोट्रॉन उजेडही (चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा) त्यातूनच येतो. क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन काही वर्षांतच थकतात, म्हणून क्ष-किरणांतला क्रॅब रेडिओतल्यापेक्षा लहान दिसतो: ते पल्सारपासून लांब पोहोचेपर्यंत संपलेले असतात. पल्सार सापडण्याआधी हेच कोडं होतं, रोज खर्च होणारी ही ऊर्जा भरतंय कोण.

पण हा नियम क्रॅबपुरता आणि त्याच्या जातीपुरता. कवचासारख्या अवशेषांत, टायकोचा १५७२ चा किंवा केप्लरचा १६०४ चा घ्या, आत ढकलणारं कोणी नसतं आणि बाहेरचा वायू अडवत असतो. पहिली काहीशे वर्षं माल जवळजवळ मोकळा धावतो. मग गोळा केलेला वायू फेकलेल्या मालाएवढा झाला की वेग पडायला लागतो आणि त्रिज्या काळाच्या दोन-पंचमांश घाताने वाढते. त्या टप्प्यात त्रिज्या ÷ वेग केलंत तर वय अडीचपट जास्त येईल, ०.४ ने गुणावं लागतं. क्रॅबमध्ये चूक एका बाजूला, कवचांत दुसऱ्या बाजूला. कोणता अवशेष कुठल्या टप्प्यात आहे हे आधी न ठरवता सूत्र लावणं म्हणजे बाजरीच्या मापाने तेल मोजणं.

टायको आणि केप्लर या दोन्हींत पल्सार शोधूही नका. तिथे श्वेतबटू संपूर्ण उडाला, मागे काही उरलंच नाही.

---

अगस्त्य_दक्षिण

वरच्याला थोडी पुस्ती. गाभा ढासळून झालेल्या स्फोटातही पल्सार दिसेलच असं नाही. शर्मिष्ठेतल्या कॅसिओपिया ए मध्ये चंद्रा दुर्बिणीने १९९९ च्या पहिल्याच चित्रात मधला ठिपका दाखवला. न्यूट्रॉन तारा आहे, स्पंद नाहीत. १९८७ए या स्फोटाच्या वेळी २३ फेब्रुवारीला तीन शोधकांत मिळून पंचवीसेक न्यूट्रिनो पकडले गेले, म्हणजे गाभा नक्की ढासळला. तरी आतल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा भक्कम पुरावा जेम्स वेबच्या वर्णपटांतून २०२४ मध्ये आला, तोही आयनीभूत आरगॉनच्या रेषांवरून, आडवळणाने. स्पंद अजून नाहीत.

उलट बाजूही आहे. अवशेष लाखभर वर्षांत विरून जातो, पल्सार मात्र कोटभर वर्षं टिकटिकत राहतो. शिवाय जन्मतःच त्याला सेकंदाला काहीशे किलोमीटरचा धक्का बसलेला असतो. त्यामुळे माहीत असलेल्या साडेतीन हजारांहून अधिक पल्सारांपैकी बहुतेकांच्या भोवती काहीच नाही.

---

आठ_इंची

तंतूंचा सरक घरच्या दुर्बिणीनेही मोजता येतो, म्हणून थोडं त्याबद्दल. कडेचे तंतू वर्षाला साधारण ०.२ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतात. दहा वर्षांच्या अंतराचे दोन फोटो, पिक्सेलला १ विकला, म्हणजे दोन पिक्सेल. कडांचे तारे जुळवून एकावर एक ठेवले की डोळ्यालाही कळतं.

हायड्रोजन-अल्फा किंवा ऑक्सिजन-३ फिल्टर लावूनच घ्या. फिल्टरशिवाय निळा धुरकटपणाही मोजमापात येतो, आणि तो तंतूंसारखा सरळ रेषेत सरकत नाही. दुसरी चूक केंद्राची. मधल्या दोन ताऱ्यांपैकी नैर्ऋत्येचा, १६.५ प्रतीचा, तो पल्सार. पण स्फोटाचं केंद्र तिथे नाही. पल्सार स्वतःच १०५४ पासून १२ विकलांच्या आसपास सरकला आहे.

महाराष्ट्रातून हा जवळजवळ डोक्यावरून जातो, पुण्याच्या खस्वस्तिकापासून साडेतीन अंश उत्तरेला. जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी वृषभेतल्या झीटा टॉरी या ताऱ्याच्या वायव्येला एक अंशावर शोधा. डॉबसोनियन असेल तर माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर घ्या, नेमका वर असताना दुर्बीण आडवी फिरवताना हात गुंततात. डोळ्याला ८.४ प्रतीचा राखाडी डाग दिसेल, तंतू नाहीत. जून मध्यावर सूर्य त्याच्याजवळूनच जातो, तेव्हा महिनाभर नाद सोडा.

---

मृगशीर्ष

पहिल्या प्रयत्नात रुंदी ऋण केली, सहनिर्देशक भरले, जुनी पार फाइल तशीच राहिली: पसरट उंचवटा. महिन्याची एफेमेरिस लावल्यावर दोन शिखरं आली, मोठं आणि त्याच्यानंतर ०.४ फेजवर लहान. मोठ्याची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा लांबट दिसते. डीएम अजून किंचित चुकलाय का?

---

घडीवाला

सबबँडचं (पट्ट्याच्या वेगवेगळ्या वारंवारता-तुकड्यांचं) चित्र बघा. शिखर खालपासून वरपर्यंत तिरकं जात असेल तर डीएम. उभं सरळ असेल आणि शेपूट फक्त खालच्या वारंवारतांना लांब असेल, तर ते स्कॅटरिंग (वाटेतल्या वायूत विखुरल्याने काही लहरी उशिरा येणं), वारंवारता घटेल तसं तिच्या चौथ्या घाताने वाढणारं. त्यातला बदलता भाग क्रॅबमध्ये तेजोमेघाच्याच तंतूंमुळे असतो आणि महिन्यागणिक बदलतो, तेव्हा डीएम ढकलून तो घालवायला जाऊ नका.